गोलीला आधीच कळणारा शॉट : एका मिडफिल्डरचं प्रकरण

सराव संपल्यावर जाळीतले चेंडू बादलीत टाकता टाकता आमचा गोली सहज बोलून गेला, "सर, याचे हात कमरेला गेले की मी माझ्या डावीकडचा खांब सोडूनच देतो. तिकडे त्याचा चेंडू येतच नाही."

ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो आमचा उजव्या हाताचा मिडफिल्डर. लॅक्रोसमध्ये, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलून फेकायच्या खेळात, येण्याआधी तो काही वर्षं हॉकी खेळला होता आणि शॉट संघात सगळ्यांत जोरकस होता. सरावात रिकाम्या गोलावर मारायला लागला की बघणारे थांबून बघायचे. सामन्यात मात्र गोली जागचा फारसा न हलता चेंडू घ्यायचा. मुलाचं स्वतःचं निदान होतं की वेग कमी पडतोय. माझंही बराच काळ तेच होतं, हे आधीच कबूल करतो. गोलीचं ते वाक्य ऐकलं नसतं तर आम्ही आणखी एक मोसम व्यायामशाळेत घालवला असता.

वेगाचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. मैदानी लॅक्रोसचा गोल 6 फूट रुंद आणि 6 फूट उंच. समजा शॉट 11 मीटरवरून आला. ताशी 130 किलोमीटरचा चेंडू हवेचा अडथळा सोडला तर साधारण 0.30 सेकंदात पोचतो. मर मर मरून वेग ताशी 145 पर्यंत नेला तर 0.27. एवढ्या मेहनतीचं फळ एका सेकंदाचे तीन शतांश. उलट चेंडू कुठून सुटणार हे गोलीला आधीच कळत असेल, तर तो यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आपल्या पदरात पाडून घेतो. अमेरिकन लॅक्रोसपटू पॉल रेबिलचा, सर्वांत वेगवान शॉटच्या स्पर्धेत मोजलेला ताशी 111 मैलांचा शॉट, म्हणजे जवळजवळ 179 किलोमीटर, या मुलाने फोनवर शंभरदा बघितला असेल. पण त्या स्पर्धेत गोलात कोणी उभं नसतं, हे तो विसरत होता.

पहिलं काम केलं ते चित्रीकरण. एक फोन बाजूने, दुसरा गोलाच्या मागे जाळीच्या आड. बाजूच्या फोनमध्ये काही विशेष दिसलं नाही. अंग छान वळत होतं, पुढचा पाय घट्ट रोवला जात होता, कंबर आधी आणि खांदे मागून, सगळं पुस्तकी. मागच्या फोनने मात्र पोल उघडी केली. पास झेलला की त्याचे दोन्ही हात खाली घसरायचे, थेट उजव्या कमरेशी. स्टिक आडवी व्हायची आणि हेड, म्हणजे चेंडू धरणारी टोकाची जाळीदार चौकट, अंगाबाहेर, गोलीच्या नजरेत, पूर्ण उघडं यायचं. चेंडू सुटेपर्यंत ते झाकलं जातच नव्हतं. शिवाय खालचा हात पोटाला चिकटलेला. साइडआर्म शॉटमध्ये हेड आडव्या पातळीत फिरतं. रिलीज, म्हणजे चेंडू स्टिकमधून सुटणं, जरा उशिरा झालं की चेंडू अंगावरून ओढला जातो, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू त्याच्या डावीकडे जातो. गोलीच्या बाजूने बघितलं तर तो आला गोलीच्या उजवीकडे, आणि आमच्या गोलीच्या हेडची जागा उजव्या खांद्याशीच. म्हणजे गडी सगळी ताकद लावून चेंडू अलगद गोलीच्या हातात नेऊन देत होता.

हॉकीची सवय म्हणून मी ते प्रकरण तिथेच मिटवलं. घाई केली, ते पुढे येईलच.

नवीन काय शिकायचं यावर आमची थोडी रस्सीखेच झाली. त्याला पाठीमागून मारायचा शॉट हवा होता, तो बघायला झकास दिसतो म्हणून. बॉक्स लॅक्रोस या बंदिस्त जागेतल्या प्रकारात त्याला अर्थ आहे: तिथे गोल लहान, गोली अंगभर पॅडिंग घातलेला, आणि बहुतेक खेळाडू एकाच हाताने खेळत असल्याने उलट्या बाजूला आल्यावर पाठीमागूनच मारावं लागतं. मैदानावर 11 मीटरवर मोकळ्या उभ्या मिडफिल्डरला त्याची काय गरज? मी ओव्हरहँड म्हटलं, खांद्यावरून मारायचा. त्याचा चेहरा पडला. ओव्हरहँड म्हणजे पहिल्या दिवशी शिकवतात तो, असं त्याचं म्हणणं. खरं होतं, शिकवला होता पहिल्याच दिवशी. तो शिकला मात्र नव्हता.

ओव्हरहँडच निवडायचं कारण सांगतो. स्टिक उभ्या पातळीत फिरते, त्यामुळे रिलीजची चूक डावी-उजवीकडे न जाता वर-खाली जाते. वर गेलेला चेंडू वाया जातो, पण खाली गेलेला क्रीजच्या, म्हणजे गोलाभोवतीच्या वर्तुळाच्या, अलीकडे टप्पा घेऊन तरीही गोलावरच येतो. म्हणजे निम्म्या चुका माफ. साइडआर्मची चूक दोन्ही बाजूंनी खांबाबाहेर. (चुकलेला शॉट मैदानाबाहेर गेला तर त्या क्षणी चेंडूच्या सर्वांत जवळ असलेल्या खेळाडूच्या संघाला ताबा मिळतो. म्हणून आमचा एक अटॅकर गोलामागे कायम पळत असायचा. या मुलाच्या शॉटमुळे त्याचा दम चांगला वाढला.) दुसरं कारण लपवाछपवीचं. हात वर आणि मागे गेले, दांड्याचं बूड गोलाकडे वळलं, की हेड खेळाडूच्या हेल्मेटच्या आड जातं आणि गोलीला चेंडू अगदी शेवटी दिसतो.

सुरुवात स्टिकशिवाय केली. क्षेत्ररक्षक सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे फेकतो तसा नुसत्या हाताने चेंडू फेकायचा, कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून. लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा, 142 ते 149 ग्रॅमचा. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका आणि थोडा लहान, त्यामुळे हाताला परका वाटत नाही. मग एक गुडघा टेकवून, फक्त वरच्या हाताने स्टिक धरून पाच मीटरवरून. मग दोन्ही हात. वरचा हात पुढे ढकलतो आणि खालचा स्वतःकडे ओढतो, ही जोडगोळी जमली की स्टिक तरफेसारखी वागते. "हात वर ने, कोपर उचल, मनगट सोड" असं मी आधी ओरडत होतो आणि तो लाकडासारखा ताठ होत होता. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, दांड्याचं बूड गोलीला दाखव आणि मग लपव." लगेच हात आपोआप वर गेले. शरीराचा अवयव सांगण्यापेक्षा वस्तूचं सांगितलं की अंग मोकळं राहतं, हा अनुभव मला पुन्हा पुन्हा येतो. तरी ऐन वेळी तोंडातून कोपरच निघतं.

हालचाल आता दिसायला बरोबर होती. चेंडू मात्र त्याच्यापुढे चार पावलांवर जमिनीत रुतत होता. क्रीजच्या अलीकडे टप्पा पडणं ठीक, पण हा चेंडू दोन-तीन टप्पे खात, लाजत लाजत गोलापर्यंत जायचा. आठवडाभर मी त्याच्या मनगटाला दोष दिला. तोही बिचारा निमूटपणे ऐकून घेत राहिला. एका संध्याकाळी माझी स्टिक गाडीत राहिली होती, म्हणून प्रात्यक्षिकासाठी त्याचीच घेतली. मारली ओव्हरहँड. माझाही चेंडू चार पावलांवर जमिनीत.

तेव्हा कुठे मी पॉकेटकडे, हेडमधल्या जाळीच्या खोलगट पिशवीकडे, बघितलं. पिशवीच्या वरच्या भागात आडव्या ओवलेल्या तीन दोऱ्या, शूटिंग स्ट्रिंग, होत्या आणि सगळ्यांत वरची नायलॉनची दोरी तारेसारखी ताणलेली. पॉकेट खोल. नियमाच्या आत होतं, चेंडूचा माथा बाजूच्या भिंतीच्या खालच्या कडेखाली जात नव्हता, पण होतं काठावरच. अशा पॉकेटमध्ये चेंडू बाहेर पडताना वरच्या दोरीला अडखळतो, उशिरा सुटतो आणि खाली झुकतो. खेळाडू याला व्हिप म्हणतात. थोडी व्हिप सगळ्यांनाच लागते, चेंडू हाताला कळतो तिच्यामुळे. याच्याकडे ती बेसुमार होती.

आणि इथे सगळ्या प्रकरणाची गाठ सुटली. उशिरा सुटणारा चेंडू ओव्हरहँडमध्ये जमिनीत जातो, साइडआर्ममध्ये नुसता डावीकडे सरकतो. जमिनीत गेलेल्या चेंडूला सगळे हसतात, डावीकडे जोरात गेलेल्याला "जरासा चुकला" म्हणतात. दोन मोसम या मुलाने, स्वतःलाही न कळता, आपल्या स्टिकला सोसेल असा शॉट निवडला होता. हात कमरेला जाण्यात हॉकीचा वाटा असेल, नाही असं नाही; पण मुख्य गुन्हेगार ती नायलॉनची दोरी होती. शॉट बदलायला निघालेल्या कुणालाही मी आता पहिल्यांदा दुसऱ्याची स्टिक घेऊन दहा चेंडू मारायला लावतो. दोन मिनिटांचं काम आहे.

वरची दोरी सैल केली, पॉकेट थोडं उथळ केलं. यात माझ्याकडून शुद्ध मूर्खपणा घडला. हे काम मी सामन्याच्या आदल्या दिवशी केलं. तो म्हणत होता, "सर, पास बिघडेल." मी म्हटलं, जमेल तुला. दुसऱ्या दिवशी त्याचा पहिलाच पास साथीदाराच्या डोक्यावरून गेला. व्हिप कमी म्हणजे रिलीज लवकर, आणि लवकर सुटलेला चेंडू वर जातो. हात जुन्या स्टिकच्या हिशोबाने चालत होते. दुसऱ्या पासचंही तेच झालं, तेव्हा त्याने बाकाकडे जे बघितलं ते मी विसरलेलो नाही. नंतर आठवडाभर रोज भिंतीवर चेंडू मारून, वीस उजव्या हाताने, वीस डाव्या हाताने, असं करत त्याने ते जमवून घेतलं. पॉकेट बदलायचं तर मधे किमान तेवढे दिवस हवेत.

पुढचे तीन आठवडे मजेत गेले. एका जागी उभं राहायचं, एकाच उंचीवर पास घ्यायचा, एकामागून एक ओव्हरहँड. गोलाच्या चारही कोपऱ्यांत लक्ष्यं टांगली होती. आधी लागत नव्हती, मग लागायला लागली, मग त्यांचे आवाज इतके नियमित यायला लागले की पलीकडे सराव करणारे बचावपटू माना वळवून बघायचे. मी वहीत "झालं" असं लिहिलं. तो शब्द अजून आहे त्या पानावर.

मग सामना. चार वेळा त्याला मोकळी जागा आणि वेळ मिळाला. चारही वेळा साइडआर्म. चारही गोलीने घेतले. उतरल्यावर मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "आठवलंच नाही सर. चेंडू आला, मारला."

रागवायचं होतं, पण त्या उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. सरावात त्याला काही आठवावं लागतच नव्हतं. कोणता शॉट ते मी ठरवलेलं, पास कुठे येणार तेही मी ठरवलेलं. त्याने फक्त मागचाच शॉट पुन्हा मारायचा. शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी 1979 मध्ये एक साधा प्रयोग केला होता: हाताने लाकडी फळकुटं ठरावीक क्रमाने पाडायची, असे तीन क्रम. एका गटाने एकेक क्रम घोटून मगच पुढचा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं तर मिसळणारे पुढे. मी हे कधीतरी वाचलेलं होतं, प्रशिक्षकांच्या वर्गात मान डोलावलेली होती. मैदानावर मात्र लक्ष्यावर चेंडू आपटल्याचा आवाज कानाला फार गोड लागतो.

आता सराव मोडून नव्याने मांडला. पहिला प्रश्न असा घेतला, की ओव्हरहँड आठवायला याला वेळ कुठून मिळणार? मोकळा मिडफिल्डर पास झेलतो तेव्हा स्लाइड करून, म्हणजे आपला खेळाडू सोडून मदतीला धावून, येणारा बचावपटू दीड-दोन सेकंदांवर असतो. तेवढ्यात कुणी विचार करत नाही. सिक्सेस या छोट्या प्रकारात, जो 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये खेळला जाणार आहे, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदतच, 30 सेकंदांची आहे. तिथे तर सगळंच धावपळीत. म्हणजे निवड झेलण्याच्या आधी, किंवा झेलण्यातच व्हायला हवी. आम्ही जुनी चित्रफीत पुन्हा लावली आणि एक साधी गोष्ट दिसली. पास कानाच्या उंचीवर आला तरी तो हात खाली आणत होता. वर झेलायचा, कमरेला न्यायचा, मग मारायचा. मधला प्रवास अगदीच फुकटचा.

म्हणून नियम एवढाच केला: चेंडू जिथे झेलशील तिथूनच मार. खांद्यावर आला तर ओव्हरहँड, कमरेला आला तर साइडआर्म, गुडघ्याला आला तर अंडरहँड. पास देणाऱ्याला सांगितलं, मुद्दाम वाकडे पास दे. ते त्याला विशेष सांगावं लागलं नाही.

पहिला दिवस वाईट गेला. चेंडू कुठेही. लक्ष्यांचा आवाज बंद. मुलाला वाटलं आपण मागे गेलो, आणि वहीतल्या खुणा बघता मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या-चौथ्या सत्रात काहीतरी बदललं. मला ते आधी पायांत दिसलं. पास हवेत असतानाच त्याचा मागचा पाय फिरायला लागला. झेलायच्या आधीच खांदे वळलेले. हातांना सांगायला काही उरलंच नव्हतं.

मग समोर बचावपटू आणला, नुसती स्टिक घेऊन चालत येणारा. त्याची स्टिक वर असेल तर ओव्हरहँडचा रस्ता बंद, त्याच्या अंगाच्या बाजूने साइडआर्म. स्टिक खाली असेल तर वरून. गोलीला शेवटी उभं केलं, आणि पहिली दोन सत्रं टेनिसच्या चेंडूंवर. इतक्या जवळून इतके शॉट खरे चेंडू घेऊन सोसायला कुणाला सांगू नये, छातीचं पॅड असलं तरी. टेनिसचा चेंडू 60 ग्रॅमच्याही आत असतो, त्यामुळे पॉकेटचा अंदाज त्यावर घ्यायचा नाही, फक्त गोलीला वाचायचं.

गोलीला इथे मी जरा वेगळं काम दिलं. चेंडू अडव, पण त्याआधी मोठ्याने सांग, वरून येणार की बाजूने. शॉट सुटायच्या आधी बोललास तरच गुण. तिघांनाही हा खेळ आवडला. सुरुवातीला गोली बरोबर ओळखायचा. पुढे तो उशिरा बोलायला लागला, आणि एकदा तर चेंडू जाळीत गेल्यावर "बाजूने!" म्हणाला. वरूनच आला होता.

साइडआर्म आम्ही टाकून दिला नाही, हे सांगायला हवं. नवशिक्यांना साइडआर्म मारूच द्यायचा नाही असं मानणारे प्रशिक्षक आहेत. मीही त्यांतला होतो. पण हात वरून सुरू करून शेवटच्या क्षणी स्टिक आडवी पाडली की तोच जुना शॉट एकदम विषारी होतो, कारण गोली तोवर उंच उभा राहिलेला असतो. नव्या शॉटचा सर्वांत मोठा फायदा जुन्या शॉटलाच झाला. डाव्या हाताचं मात्र काही जमलं नाही. वेळ दिला नाही हे खरं कारण, बाकी सबबी.

एक त्रासही झाला. उभ्या पातळीत मारताना धड बाजूला वाकतं, आणि दिवसाला शंभराच्या वर शॉट मारल्यावर त्याच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आकडा निम्म्यावर आणला, मधे एक दिवस रिकामा ठेवला, थांबलं.

मोसमाच्या उत्तरार्धात एका सामन्यात ते दिसलं ज्याची मी वाट बघत होतो. गोलामागून पास आला, उंच, कानाशी. मागचा पाय आधीच फिरलेला, हात वरच राहिले, बूड गोलीकडे. रोख वरच्या कोपऱ्यावर होता हे मला नक्की माहीत आहे, कारण त्याने आधी तसं बोलून दाखवलं होतं. पण हात जरा उशिरा सुटला, चेंडू खाली आला, क्रीजच्या रेषेच्या अलीकडे टप्पा पडला आणि गोलीच्या स्टिकवरून उसळून आत. सगळे त्याच्या अंगावर. मी वहीत "चुकीचा रिलीज, गोल" असं लिहिलं. नंतर त्याने ते वाचलं आणि "चुकीचा" हा शब्द खोडला.

पुढच्या सरावाला बादली भरताना आमचा गोली पुन्हा माझ्याशेजारी होता. "सर, सांगू का?" म्हणाला. "वरून मारायचा असला ना, की झेलल्यावर तो स्टिकला एक झोका, एक क्रेडल जास्त घेतो. बाजूने मारताना घेत नाही."

मी मिडफिल्डरला हाक मारली.